अंगणातली शाळा : ताराबाई मोडक

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा मी बेंगळुरूला मुलाकडे होते. निवृत्तीनंतर वर्षातील काही महिने माझा मुक्काम इथेच असतो. रोज सकाळी नातीचे बोट धरून मल्लेश्वरममधील एका गल्लीतून फिरायला निघाले, की वाटेत एक बैठी, लहानशी इमारत लागते. तिच्या दारावर कन्नड लिपीतील पाटी आहे. मला ती वाचता येईना, तेव्हा शेजारच्या बाईंनी वाचून दाखवली : अंगनवाडी केंद्र. आतून मुलांच्या गाण्याचा आवाज येत होता. गाण्यातले शब्द मला परके होते. टाळ्यांचा ठेका मात्र ओळखीचा होता. आपल्या शाळेच्या शिशुवर्गात मी आयुष्याची अनेक वर्षे त्याच ठेक्यावर काढली आहेत.

पाटीवरचा तो शब्द मूळचा कानडी नाही. महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावरील एका गावात, वंचित वस्तीच्या अंगणात, त्या शब्दामागची कल्पना रुजली आणि पुढे देशभर गेली. ती रुजवणाऱ्या शिक्षिकेचे नाव ताराबाई मोडक. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हे नाव कदाचित आठवणारही नाही. तरीही लहान बाके, हाताला येईल एवढ्या उंचीची कपाटे, गोष्टीची वेळ, गाण्याची वेळ आणि छडीचा अभाव अशा ज्या वर्गात त्यांचे शालेय जीवन सुरू झाले, त्या वर्गाची घडी महाराष्ट्रात ज्यांनी बसवली, त्यांत ताराबाईंचे स्थान अग्रभागी आहे. म्हणून या प्रसंगी त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे मला उचित वाटते.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते. आई उमाबाई या पूर्वी विधवा होत्या; सदाशिवरावांशी त्यांचा पुनर्विवाह झाला होता. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता 1856 सालीच मिळाली असली, तरी समाजाची मान्यता मिळण्यास अनेक दशके जावी लागली. अशा विवाहातून उभे राहिलेले घर म्हणजे त्या काळी नातेवाइकांनी व शेजाऱ्यांनी सतत तपासून पाहिलेले घर असे. रूढीपेक्षा विवेक मोठा, हा धडा ताराबाईंना पुस्तकातून घ्यावा लागला नाही. तो त्यांच्या जन्माच्या आधीच त्या घरात गिरवला गेला होता.

त्या घराच्या संस्कारांत आणखी एक गोष्ट होती. 1867 साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने मूर्तिपूजा आणि जातिभेद बाजूला ठेवले, पण गाणे बाजूला ठेवले नाही. समाजाच्या उपासनेत तुकोबांच्या आणि इतर संतांच्या अभंगांना मानाचे स्थान होते. स्त्रिया, पुरुष व मुले एकत्र बसून प्रार्थना म्हणत. सामुदायिक गायनात लहानमोठे, शिकलेले-न शिकलेले असा भेद काही क्षण तरी गळून पडतो. ताराबाईंच्या पुढील कार्यात गाण्याला जे स्थान मिळाले, त्याचे एक मूळ या वातावरणात शोधावे, असे मला वाटते.

1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या मराठी मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णाजी विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वऱ्हाडातील प्रतिष्ठित वर्तुळात त्यांचा संसार सुरू झाला, त्यांना प्रभा ही कन्या झाली. परंतु तो संसार टिकला नाही. 1921 साली ताराबाई पतीपासून वेगळ्या झाल्या आणि लहानग्या मुलीला घेऊन त्यांनी स्वतंत्र आयुष्याला आरंभ केला. शंभर वर्षांपूर्वी एका सुशिक्षित स्त्रीने असे पाऊल उचलण्यासाठी कोणते धैर्य लागले असेल, याची कल्पना आज आपल्याला पुरती येणार नाही. घर आणि ध्येय यांच्यातील ही ओढाताण त्यांच्या आयुष्यात खोलवर होती. रत्नाकर मतकरी यांनी ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक त्यांच्याच जीवनावरून लिहिले, ते या ओढाताणीकडे पाहूनच. थोर व्यक्तींची चरित्रे लिहिताना त्यांच्या घरातील पोकळ्या झाकण्याकडे आपला कल असतो. ताराबाईंच्या बाबतीत तसे करू नये. पुढे हजारो मुलांना त्यांनी जे दिले, त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या घरात मोजली होती.

त्याच सुमारास राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. पगार चांगला होता, मान होता, राहण्याची सोय होती. एकट्या स्त्रीने मुलीला वाढवायचे, तर याहून सुरक्षित जागा कोणती? परंतु तेथे असताना काठेवाडातील भावनगर येथे चाललेल्या एका प्रयोगाची वार्ता त्यांच्या कानी आली. दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांमध्ये रमले होते. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते डॉ. मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले होते आणि 1920 साली त्यांनी बालमंदिर सुरू केले होते. मुले त्यांच्याभोवती अशी गोळा होत, की लोक त्यांना मिशाळ आई म्हणू लागले होते. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि 1923 साली त्या भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी म्हणून रुजू झाल्या. मोठ्या मुलींच्या महाविद्यालयाकडून तीन वर्षांच्या मुलांकडे जाणे ही व्यवहाराच्या दृष्टीने पायउतारणी होती. त्यांना मात्र आयुष्याचे काम सापडले होते.

माँटेसरी पद्धतीचा उदय 1907 साली रोममधील एका गरीब वस्तीत झाला होता. मूल म्हणजे रिकामे भांडे नसून स्वतःच्या प्रयत्नाने वाढणारा जीव आहे आणि शिक्षकाचे काम त्याला योग्य परिसर देऊन बाजूला उभे राहण्याचे आहे, हा तिचा गाभा. भावनगरला गिजुभाई आणि ताराबाईंनी हा गाभा घेतला आणि त्याला भारतीय वेष दिला. गोष्टी, लोकगीते, गरबा, नाट्य, चित्रे आणि संगीत यांना बालमंदिराच्या दिनक्रमात जागा मिळाली.

येथे शिशुवर्गाची एक जुनी शिक्षिका म्हणून थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांना पेन्सिल अजून पेलत नाही, अक्षराचे वळण कळत नाही. पण ठेका त्याला कळतो. जमिनीवर खडूने आखलेल्या रेषेवरून वाद्याच्या लयीत चालणे हा माँटेसरी वर्गातील नेहमीचा पाठ. लय संथ झाली की पावले संथ, लय वाढली की पावले जलद. पाहणाऱ्याला तो खेळ वाटतो. प्रत्यक्षात मूल आपल्या शरीराचा तोल सांभाळायला, ऐकायला आणि ऐकलेल्याप्रमाणे स्वतःला आवरायला शिकत असते. तसाच शांततेचा खेळ. सगळ्यांनी डोळे मिटून बसायचे आणि दूरचे आवाज टिपायचे : पानांची सळसळ, विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर, बाईंनी हळूच घेतलेले आपले नाव. दटावून आणलेली शांतता आणि कान देण्यासाठी मुलांनी स्वतः धरलेली शांतता यांतील फरक ज्या शिक्षिकेला एकदा कळला, तिला पुन्हा छडीची गरज वाटत नाही.

1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि संघाचे मुखपत्र म्हणून ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघू लागली. 1933 पासून ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती चालवली. पत्रिकेचा मोठा रोख पालकांकडे होता. मुलाला मारू नये, घाबरवू नये, इतरांसमोर त्याचा उपमर्द करू नये; त्याच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे; त्याला स्वतःच्या हाताने जेवू द्यावे, सांडू द्यावे. आज या गोष्टी सर्वमान्य वाटतात. त्या काळी मार हाच शिक्षणाचा पाया समजणाऱ्या समाजाला त्या विक्षिप्त वाटत. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’ अशी त्यांची पुस्तके याच कळकळीतून लिहिली गेली. मूल हट्टी का होते, याचे उत्तर त्यांनी मुलाच्या स्वभावात शोधण्याऐवजी मोठ्यांच्या वागण्यात शोधले, हे त्यांचे वेगळेपण.

भावनगरमधील नऊ वर्षांच्या कार्यानंतर त्या मुंबईस परतल्या. 1936 साली दादरला शिशुविहार सुरू झाले. त्याला जोडून बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही उभे राहिले. दादर-हिंदू कॉलनीतील मध्यमवर्गीय पालक आपल्या मुलांना तेथे विश्वासाने पाठवू लागले. गिजुभाईंचे 1939 साली निधन झाले, त्यानंतर या चळवळीचा भार बहुतांशी ताराबाईंच्या खांद्यावर आला. त्याच वर्षी डॉ. माँटेसरी भारतात आल्या आणि युद्धामुळे त्यांचा येथील मुक्काम लांबला. बालशिक्षणाकडे सुशिक्षितांचे लक्ष वेधले गेले. ताराबाईंचे काम प्रतिष्ठा पावले होते. या टप्प्यावर त्या थांबल्या असत्या, तरी महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात त्यांचे नाव राहिले असते.

पण एक प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. हे शिक्षण कोणाच्या मुलांना मिळत होते? माँटेसरीची साधने महाग होती. दट्ट्यांचे ठोकळे, गुलाबी मनोरा, रंगांच्या पट्ट्या ही सारी सुबक लाकडी सामग्री शहरातील चार पैसे बाळगणाऱ्या संस्थेलाच परवडणारी. ज्या पद्धतीचा जन्म गरिबांच्या वस्तीत झाला, ती आपल्याकडे सुखवस्तूंच्या मुलांपुरती उरली होती. गांधीजींच्या नई तालीमच्या विचाराने या अस्वस्थतेला दिशा मिळाली. वयाची त्रेपन्न वर्षे पूर्ण झाल्यावर, 1945 साली, ताराबाईंनी मुंबईतील बसलेली घडी मागे ठेवली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या, शिक्षिका होऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या या तरुणीने पुढे उरलेले सारे आयुष्य याच कामाला दिले.

बोर्डीत केंद्राची बालवाडी सुरू झाली, परंतु ज्यांच्यासाठी ताराबाई आल्या होत्या, ती मुले तेथे येईनात. हरिजनवाड्यातील आयांना सकाळीच कामावर जावे लागे. मुलाला न्हाऊमाखू घालून, धुतलेले कपडे चढवून गावातल्या बालवाडीत पोहोचवणार कोण? शिवाय शतकानुशतके ज्या उंबरठ्याबाहेर उभे राहायची सवय लावली गेली, तो उंबरठा एका निमंत्रणाने ओलांडला जात नाही. अशा वेळी पालकांना अज्ञानी ठरवून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी वेगळा मार्ग धरला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरवून त्यांनी वाड्यातील अंगणातच वर्ग भरवला. शिक्षिका सकाळी वस्तीत जाई, मुलांना गोळा करी, हातपाय धुऊन देई, केस विंचरी आणि मग गाणी, गोष्टी व खेळ सुरू होत. ती ही अंगणवाडी.

साधनांचा प्रश्नही त्यांनी अंगणातच सोडवला. समुद्रकाठचे शिंपले, चिंचोके, बिया, खडे, पाने, फुले, माती हीच साधने झाली. लहानमोठे, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलके यांची ओळख व्हायला परदेशी ठोकळ्यांची गरज नाही, हे सिद्ध झाले. आणि या साऱ्या साधनांत सर्वांत स्वस्त साधन होते गाणे. ते विकत घ्यावे लागत नाही, हरवत नाही, मोडत नाही. मुले ते घरी घेऊन जातात आणि आईने ते ऐकले की शाळा तिच्याही घरात पोहोचते.

बोर्डीच्या आसपासचा मुलूख वारल्यांचा. ताराबाई तेथे आल्या त्याच 1945 साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहत होता. पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांच्या पायांशी राबलेल्या या लोकांच्या मुलांपर्यंत पोहोचायचे, तर बोर्डीही दूरच होती. म्हणून 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. साठी ओलांडत असलेल्या ताराबाईंचे हे आणखी एक स्थलांतर. मुंबईहून गावात आणि गावातून डोंगरावर असा त्यांचा प्रवास प्रत्येक वेळी अधिक गैरसोयीच्या ठिकाणी झाला.

कोसबाडला त्यांना दिसले, की मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण घरी धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते किंवा गुरे चारायला न्यायची असतात. पहिल्या अडचणीवर विकासवाडी हा उपाय निघाला. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. बहिणीने कडेवरच्या भावाला सोबत आणावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणजे कुरणशाळा. गुराखी मुले जेथे गुरे घेऊन जात, तेथे शिक्षकाने जायचे. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरायचा. वारल्यांच्या जीवनात तारप्याच्या सुरांवर फेर धरून नाचणे हा सणासुदीचा प्राण. अशा समाजातील मुलाला पहिल्याच दिवशी हाताची घडी घालून गप्प बसायला सांगणारी शाळा त्याला तुरुंग वाटली, तर नवल नाही. गाण्याने आणि नाचाने सुरू होणारी शाळा त्याला आपली वाटू शकते.

विकासवाडीविषयी लिहिताना माझी स्वतःची एक चूक नोंदवणे मला आवश्यक वाटते. मी शिशुवर्गाला शिकवत असताना जवळच्या एका बांधकामावरील मजुराची मुलगी वर्गाच्या दाराशी येऊन बसत असे. आत ये म्हटले की पळून जाई. एके दिवशी टाळ्यांचे गाणे चालू असताना तिच्या हातांनी दाराबाहेरच ठेका धरला. तिसऱ्या दिवशी ती आत आली, वर्तुळात उभी राहिली. पुढे महिनाभर ती नियमित येत राहिली आणि तिचा आवाज वर्गात सर्वांत खणखणीत लागे. मग एकाएकी तिचे येणे थांबले. चौकशी केली तेव्हा कळले, की आई कामावर परत गेली होती आणि धाकटा भाऊ हिच्या स्वाधीन झाला होता. मी हळहळले आणि पुढच्या पाठाकडे वळले. त्या लहानग्याला घेऊन ये, मी कोपऱ्यात त्याच्यासाठी एक सतरंजी अंथरते, एवढे वाक्य मला सुचले नाही. प्रशिक्षणात विकासवाडीची माहिती मी पाठ केली होती, तिच्यावरच्या प्रश्नाला पूर्ण गुणही मिळवले होते. एका सतरंजीपुरती विकासवाडी माझ्या वर्गातही होऊ शकली असती, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. ताराबाईंचे मोठेपण मला खऱ्या अर्थाने त्या प्रसंगानंतर, फार उशिरा, कळले.

1946 ते 1951 या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. 1962 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे अनुताईंनी कोसबाडचे काम आणखी जवळजवळ दोन दशके सांभाळले आणि वाढवले. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली. पोषण, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण देणारी तिची गावोगावची केंद्रे अंगणवाडी या नावाने ओळखली जाऊ लागली. हरिजनवाड्यातील एका अंगणात रुजलेली कल्पना देशाच्या कारभारात आली. मल्लेश्वरमच्या गल्लीतील पाटीवर मी पाहिला तो शब्द याच वाटेने तेथवर आला.

आपली शाळा आज साठ वर्षांची झाली. या साठ वर्षांत तिने अनेक डॉक्टर, अभियंते, अधिकारी घडवले आणि त्यांचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ताराबाईंच्या चरित्रापुढे उभे राहिले, की हिशेबाचा दुसरा स्तंभही आठवतो. दाराशी आले आणि परत गेले, असे किती? तीन वर्षांच्या मुलाची आज मुलाखत घेतली जाते, त्याला परक्या भाषेत रंगांची नावे विचारली जातात आणि उत्तर आले नाही तर आईवडिलांचे चेहरे उतरतात. मातृभाषेत गाणारे, मातीत हात घालणारे मूल मागे पडते, ही भीती पालकांच्या मनात खोल बसली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानेही 2020 साली पहिल्या काही वर्षांत खेळ आणि मातृभाषा यांना महत्त्व दिले. ताराबाईंनी ते बोर्डीच्या अंगणात पंचाहत्तर वर्षे आधी करून दाखवले होते. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना माझी एवढीच विनंती, की हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेला काही देण्याचा विचार मनात असेल, तर शिशुवर्गाला जोडून एका पाळणाघराचा विचार अवश्य करावा. शाळेच्या परिसरात आजही बांधकामे चालू आहेत.

माझी नात बेंगळुरूच्या शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकते. मराठी तिच्या वाट्याला येते ती माझ्याकडून, आणि तीही बहुतेक गाण्यांतून. संध्याकाळी दिवा लागला की आम्ही दोघी जमिनीवर समोरासमोर बसतो आणि टाळ्यांचे गाणे म्हणतो. परवा अंगणवाडीवरून जाताना आतून गाणे ऐकू आले, तशी तिने माझे बोट सोडले आणि दाराशी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. आतल्या बाईंनी तिला पाहिले आणि हाताने आत बोलावले. ती गेली. वर्तुळातल्या मुलांनी बाजूला सरकून तिला जागा करून दिली.